पालथा अ‍ॅक्सल

आक्का आपल्याकडे राहायला येणार हे कळलं त्या दिवसापासून मी खाली बसलो नाही. चहा उभ्यानं, जेवण फेऱ्या मारत, आणि अंथरुणावर आडवा झालो तरी पाय आपले चालूच. बायको म्हणाली, "अहो, चादर फाटली." मी म्हटलं, "तुला चादरीचं पडलंय! इथं सगळा संसार उसवायला आलाय."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शरीर ऐंशीला टेकलंय, पण आवाज तिशीतच अडकलाय. आम्ही लहान असताना ती दारात उभी राहून "हात धुवा!" म्हणाली की पलीकडच्या गल्लीतली पोरंसुद्धा हात धुऊन यायची. तिचं घर गावाबाहेरच्या डोंगरावर आहे, अगदी माथ्यावर, एकटंच. आमच्या दाजींनी स्वतः दगड रचून बांधलेलं. दाजी गेले तरी आक्का तिथून हलली नाही. "हे घर सोडेन ती आडवी होऊनच," म्हणायची.

मग डोंगराची एक कड ढासळली आणि जाताना रस्ता घेऊन गेली. उरली ती नुसती दगडगोट्यांची घसरण. रस्ते खात्याची माणसं आली, टोप्या मागे सारून वर बघितलं, टोप्या पुढे ओढून परत गेली. आक्काला छातीचं जुनं दुखणं, दर महिन्याला दवाखान्यात तपासून घ्यावं लागतं. तपासणी हुकली तशा डॉक्टरीणबाई तापल्या. त्यांनी फोनवर आक्काला सरळ सांगितलं, "महिनाअखेरच्या सोमवारी दवाखाना बंद व्हायच्या आत तुम्ही गाडीतून येऊन माझ्या बाकावर बसलात, तर खुशाल राहा वर. नाही जमलं, तर भावाकडे राहायला यायचं. कबूल?"

आक्का सहसा शब्द देत नाही, आणि दिलेला मोडत नाही. "कबूल," म्हणाली, आणि लगेच मला फोन लावला.

"धाकट्या, ऐकलंस ना?"

"ऐकलं, आक्का."

"तुझ्या त्या दोन खोल्यांत मी आले, तर आधी तुझी बायको घर सोडेल की तू, एवढंच बघायचं राहील. तेव्हा गाडी आण." थोडं थांबून ती हळूच म्हणाली, "मला इथून जायचं नाहीये रे." आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवून दिला. आक्का कधी काही हळू बोलते हेच मला माहीत नव्हतं. माझे पाय चालू झाले ते तिथून.

त्या घसरणीवर चढेल अशी गाडी विकत मिळत नव्हती, म्हणजे ती बनवणं आलं. मी जन्मभर खाणीवर डंपर चालवलेला माणूस. एकदा तर इंजिन वाटेत गळून पडलेलं मला घरी पोचल्यावर कळलं होतं, पण तो किस्सा वेगळा. आणि आक्काचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, वेल्डर. वेल्डिंगच्या दुकानामागे एका खोलीत राहतो. खोली अशी की कूस बदलायची तर आधी दार उघडावं लागतं, त्यामुळे आईला तिथं आणायचा प्रश्नच नव्हता. डोकं तापट, म्हणून सगळे त्याला ठिणगी म्हणतात. जागा दिली भंगारवाल्यानं. त्याच्या आवारात एवढं लोखंड पडलंय की वरून जाणाऱ्या पक्ष्यांच्या दिशा चुकतात.

चासी, म्हणजे खालचा सांगाडा, शाळेच्या जुन्या बसची, कापून आखूड केलेली. इंजिन एका पाणी उपसायच्या पंपाचं, जे सुरू झालं की आवारातले पत्रे टाळ्या वाजवायचे. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांचे आस, भाजीच्या दोन ट्रकांचे. गिअरपेटी कुठल्या गाडीची होती ते त्या पेटीलाच माहीत. नवं म्हणाल तर टायर, ब्रेकचे पाइप आणि धक्के खाणारे शॉकअप. तिथं हात आखडला नाही.

आणि आक्कासाठी खुर्ची आणली न्हाव्याच्या दुकानातली, डोकं टेकायला उशी असलेली. ती कशी बसवायची त्याचा हुकूम डोंगरावरून आला. "तुम्हा दोघांच्या मानगुटी बघत मी येणार नाही. माझं तोंड मागे करा. निदान आपलं घर लांब जाताना दिसेल." भाच्यानं खुर्ची गाडीच्या पार मागच्या टोकाला, तोंड मागे करून ठोकली.

इथवर बरं चाललं होतं. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी गाडीची चौकशी केली आणि मी सहज बोलून गेलो, "गाडी झकास आहे. फक्त भाच्याचं वेल्डिंग बघू नका, ओल्या सिमेंटवरून कोंबडी चालून गेल्यासारखं दिसतं." लोक हसले. तेवढं हसू भाच्याच्या कानावर माझ्या आधी जाऊन पोचलं.

"मामा, यापुढे तुम्ही आणि मी एका वेळी आवारात नसणार," तो म्हणाला.

"अरे, गंमत केली."

"गंमत तुमच्या डंपरची करा."

झालं! बोलणं बंद. सकाळी तो यायचा, दुपारी मी. सकाळी त्यानं एखादं नळकांडं डावीकडून नेलेलं असायचं, दुपारी मी ते उजवीकडून न्यायचो, दुसऱ्या सकाळी ते परत डावीकडे. ते बिचारं वळून वळून मऊ पडलं. भंगारवाला खाटेवर पडल्या पडल्या दोन्ही पाळ्या बघायचा. त्याचा नियम असा की विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारत त्याला कुणीच नव्हतं.

एका दुपारी मी गाडीखाली शिरलो. पुढच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा लोखंडी शाफ्ट मला फारच खाली वाटला. घसरणीवरचा पहिलाच धोंडा त्याला लागला की खेळ खलास. मी डोकं लढवलं, अ‍ॅक्सल सोडला आणि पालथा करून परत चढवला. शाफ्ट झाला वीतभर वर. मी स्वतःवर इतका खूश झालो की घरी जाईपर्यंत चालायचं सोडून पळत होतो.

सोमवार तोंडावर आला तेव्हा चाचणी घ्यायची ठरली. त्यासाठी दोघांना एकत्र येणं भाग होतं. भाचा आला, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी थरथरली आणि जागच्या जागी उभी राहिली. पुढची चाकं मागे यायला बघत होती, मागची पुढे जायला, आणि मधे बसून माझे दात एकमेकांवर पत्ते पिसल्यासारखे वाजत होते. चारही चाकांखालून माती उडाली. गाडी हलली ती फक्त खाली. इंजिन बंद केलं तेव्हा मी भंगारवाल्याच्या चपलांच्या उंचीवर आलो होतो आणि पुढच्या खड्ड्यात त्याच्या आजोबांची हरवलेली ऐरण सापडली होती.

"बरं झालं," भंगारवाला म्हणाला. "घरात भांडणं होती तिच्यावरून."

भाच्यानं गाडीखाली वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि निघून गेला. अ‍ॅक्सल पालथा केला की चाकं उलटी फिरतात, हे मला त्याच्या त्या बघण्यावरून उमगलं. उभा जन्म गाड्यांत गेला आणि हे विसरलो! पण त्याला तोंडानं कोण सांगणार? म्हटलं, आपण केलं ते आपणच गुपचूप निस्तरू. रविवारी दुपारी गेलो, पुढचा अ‍ॅक्सल सोडला, होता तसा सुलटा बसवला. नट बेताचेच आवळले, कारण कुणी बघायच्या आत निसटायचं होतं. चाचणी घ्यायला धीर झाला नाही. भंगारवाला खाटेवरून माझ्याकडे बघत होता. त्याला काहीतरी सांगायचं असावं असं वाटलं खरं, पण मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी दोघंही हजर. आक्काचा फोन येऊन गेला होता. "तयार होऊन दारात बसलेय," एवढंच. मी गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी थरथरली आणि खाली जायला लागली. मागच्या वेळी ऐरण निघाली होती, या वेळी हातोडाही निघाला.

"मामा!" भाचा ओरडला. किती दिवसांनी त्यानं मला हाक मारली होती! "तुम्ही काय केलंत?"

"सुलटा केला! माझी चूक होती, मी सुलटा केला!"

"कशाला केलात? मी काल सकाळीच येऊन मागचा पालथा केला!"

"मागचा? तो तर बरोबर होता की!"

"मला काय माहीत तुम्ही मागे घ्याल? आयुष्यात तुम्ही एक थाप मागे घेतली नाहीत, अ‍ॅक्सल कुठून घेणार? म्हटलं, मामा नमणार नाहीत, आपणच नमावं. दोन्ही पालथे तर पालथे, निदान एका दिशेला तरी जातील."

आम्ही दोघंही भंगारवाल्याकडे वळलो. तो खाटेवर उठून बसला होता.

"तू बघितलंस ना? दोघांनाही?"

"बघितलं की. सकाळी एक, दुपारी एक."

"मग बोलला का नाहीस?"

"दोघंही इतकं चोरून करत होता," तो म्हणाला. "म्हटलं, काहीतरी खाजगी असेल."

उन्हं वर चढत होती. दवाखाना दुपारी बंद होतो. दारात बसलेली आक्का माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन, नजर घसरणीकडे लावून ती बसली असणार. मी म्हटलं, "मागचा सुलटा करायला किती वेळ लागेल?"

"मी कच्चकन आवळलाय. दुपार होईल."

"पुढच्याचे नट अजून ढिले आहेत. तो परत पालथा करू."

"मामा, मग सगळंच उलटं होईल. गाडीला मागे जायचे चार गिअर आणि पुढे जायचा एकच!"

"चढायला एकच लागतो. शीर इकडे खाली!"

एका गाडीखाली आम्ही प्रथमच एकत्र पडलो होतो. तो मागेल तो पाना मी मागायच्या आधी देत होतो, आणि मी शिवी हासडली की पुढची तो पुरी करत होता. त्याच्या वेल्डिंगचा सांधा माझ्या नाकासमोर होता. जवळून बघितला तर सरळ रेघ, एका हातानं ओढलेली. "कोंबडी चांगली शिकलेली होती म्हणायची," मी म्हटलं. तो हसला नाही, पण पाना डोक्यात घातला नाही, तेवढ्यावर मी समाधान मानलं.

गाडी हलली. रिव्हर्स टाकला की पुढे जायची, मुंगीच्या चालीनं, पण हत्तीच्या जोरानं. घसरणीवर धोंडे टायरखालून निसटत होते, भाचा बाजूला लटकून वजन तोलत होता, आणि एका ठिकाणी चढण इतकी उभी होती की माझी टोपी डोक्यावरून पडली ती खाली न जाता सरळ मागे गेली आणि न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसली. अखेर आक्काचं दार आलं.

ती उठली. गाडीभोवती एक फेरी मारली. "हे तुम्ही बनवलंत?"

"हो."

"शुद्धीत?" असं म्हणून ती खुर्चीत चढली आणि टोपी झटकून माझ्या अंगावर फेकली.

आता माथ्यावर गाडी वळवायला जागा नव्हती. एका बाजूला दाजींची दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. तेव्हा उतरायचं ते मागच्या मागेच. मी मान वळवली तर मानेनं साफ नकार दिला. या वयात ती अर्ध्या वाटेवरच अडते. आणि मग माझ्या लक्षात आलं की मागे तोंड करून बसलेली आक्का आता सगळ्यात पुढे होती. अख्खी घसरण तिच्या पायांशी पसरली होती.

"आक्का, मला काही दिसत नाही. तू सांगशील तसं."

आणि तो तिशीतला आवाज सुटला. "उजवीकडे! माझ्या उजवीकडे रे, तुझ्या नाही! हळू! आता डावीकडे घे. धोंडा आहे. धोंडा म्हटलं ना मी? पोरा, तू काय बघतोस, लटक नीट!"

घसरणीवर सुटे राहिलेले दगड तो आवाज ऐकून बाजूला झाले असं भाचा सांगतो. मी तसं म्हणणार नाही, मला दिसतच नव्हतं. सपाटीला लागल्यावर भाचा म्हणाला, "आता वळवा, मामा." पण वळवली तर तीच मुंगीची चाल, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नव्हतं. मी चौथा गिअर टाकला. मग काय विचारता! माणसं दारं उघडून बाहेर आली. रस्त्यावरून एक गाडी सुसाट उलटी चाललेली, टोकाला न्हाव्याच्या खुर्चीत एक म्हातारी, पिशवी मांडीवर, हात पुढे करून सगळ्यांना बाजूला सारत असलेली.

दवाखान्याच्या कुलपाला किल्ली लागलेली होती. डॉक्टरीणबाई हात तसाच ठेवून बघत राहिल्या. आक्का उतरली, आत गेली, बाकावर बसली आणि हात पुढे केला. "घ्या, बघा नाडी."

डॉक्टरीणबाईंनी बघितली. बराच वेळ बघितली. "छान आहे. गेल्या वर्षभरात इतकी छान नव्हती. पुढच्या महिन्यात अशाच या." मग चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "तुम्ही दोघं बसा. तुमची बघायला हवी."

मी बसलो. कितीतरी दिवसांनी बुड टेकलं.

मागचा अ‍ॅक्सल आता सुलटा करू, पुढचाही करू, असं भाचा आणि मी दुसऱ्याच दिवशी ठरवलं. पाने घेऊन गाडीखाली शिरलो, तेवढ्यात डोंगरावरून फोन आला. कुणी कळवलं असेल? भंगारवाला तर विचारल्याशिवाय बोलत नाही, म्हणजे तिनंच विचारलं असणार.

"धाकट्या, गाडीला हात लावलास तर याद राख. तुमच्या मानगुटीमागे बसून यायला मी काय गाठोडं आहे?"

तेव्हापासून दर महिन्याला आम्ही रिव्हर्स टाकून पुढे जातो आणि आक्काला पुढे बसवून मागे येतो. तिचं घर तिच्याकडे, माझ्या दोन खोल्या माझ्याकडे. पाय म्हणाल तर अजून चालतातच अंथरुणात. बायको म्हणते, आता उलटे चालतात. चादर हल्ली उशीकडून फाटते.