सात जानमाजांची भिंत

रफूगाराचं काम चांगलं झालं की ते दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याचं कुणी कौतुकही करत नाही. अम्मीने हे दुखणं पन्नास वर्षं मुकाट गिळलं. लोक शाल उजेडाकडे धरून बघायचे आणि भोक सापडलं नाही की घडी घालून चालू लागायचे. काहीच सापडलं नाही म्हणून गिऱ्हाईक खूश होतं, असा धंदा जगात हा एकच असेल.

तिच्या धाकटीने मात्र नेमकं उलटं काढलं. दिवसभर ती शिंप्याच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायची. उरलेल्या वेळात जे करायची त्याला ती कला म्हणायची, थोरली बहीण थेरं म्हणायची. चार वर्षं तिने बायकांचे जुने जानमाज गोळा केले. नमाजाला अंथरायचा तो दीड हात रुंद, अडीच हात लांब विणलेला तुकडा. एकाच बाईने तो वीस-पंचवीस वर्षं वापरला की कपाळ टेकतं तिथे, तळवे टेकतात तिथे, गुडघ्यांखाली आणि पायांच्या बोटांखाली तो विरत जातो. असा एक जानमाज धाकटीने एकदा सहज खिडकीत धरला. समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके पडले, आणि त्यांतून वाकलेली एक बाई उभी राहिली. ती आजी होती, अम्मीची आई. तिला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

तेव्हापासून हिला वेडच लागलं. बायकांना नवा कोरा जानमाज द्यायचा आणि जुना मागून आणायचा. बायका हसायच्या, पण द्यायच्या. असे सात जमले. त्या सात जणींतल्या चौघी आता मातीखाली होत्या, म्हणजे तसे जानमाज पुन्हा मागायलाही जागा नव्हती.

मग शहरातल्या मोठ्या गॅलरीत मुसलमान बायकांच्या नव्या कामाचं प्रदर्शन ठरलं. गॅलरीवाली बाई शिकलेली, बोलायला गोड, पण तिची गाडी फिरून फिरून बुरख्यावर यायची. बुरख्यावर काही केलंय का, करणार आहात का, निदान नुसते डोळे तरी? धाकटीने वाद घातला नाही. दिवा लावला आणि त्याच्यापुढे आजीचा जानमाज धरला. बाई त्या ठिपक्यांजवळ जाऊन उभी राहिली. नंतर तिने एक अख्खी भिंत देऊ केली. धाकटीचं वय बेचाळीस. आजवर तिला कुणी कोपरासुद्धा दिला नव्हता, आणि ही भिंत हुकली तर दुसरी मिळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अडचण एवढीच होती की टांगल्यावर विरलेल्या जागा वजनाने फाटत गेल्या असत्या. तिने अम्मीला विचारलं. पोरीने कामातलं काही विचारायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे अम्मीची कळी खुलली. डोळ्यांच्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच तिला सुई बंद केली होती, तरी तिने कडा बांधायचा टाका हात धरून शिकवला. धाकटीने महिनाभर बसून एकूण एक जागेची कड बांधली, जानमाज पांढऱ्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवले आणि पुढचे दोन महिने तारा, हुक, दिवे यांच्या मागे लागली. हे कशासाठी, तर भिंतीवर लावायचेत, लोक बघायला येणार आहेत, एवढंच तिने अम्मीला सांगितलं. दिवस कुठला, उजेडाचं काय, हे सांगायची गरज तिला वाटली नाही. तिथेच ती चुकली.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी गॅलरीत जानमाज टांगले, मागे सात दिवे लावले. भिंत काळीच राहिली. गॅलरीवाल्या बाईला वाटलं बटण नादुरुस्त आहे. तिने माणसाला शिडीवर चढवलं. दिवे ठणठणीत होते. धाकटी जवळ गेली, तळहात फिरवला. कपाळाची जागा शाबूत, गुडघे शाबूत. खालची कड पाहिली, तर प्रत्येक जानमाज बोटभर आखूड झाला होता. रफूगार धागा बाहेरून आणत नाही, त्याच कापडाच्या कडेतून उपसतो. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती सुई घेऊन तिथेच जमिनीवर बसली.

उसवून बघितलं. पण उसवायला आधी टाका सापडायला हवा, आणि अम्मीचा टाका आजवर कुणाला सापडला होता? गॅलरीवाल्या बाईने हळूच कात्री पुढे केली. माप आठवतंय ना, कापून घ्या, उजेड काय, कुठूनही येईल. बाई वाईट नव्हती. धाकटीने कात्री हातात घेतलीसुद्धा, आजीच्या जानमाजाला लावलीसुद्धा. पण ते भोक कात्रीचं झालं असतं. कुणाच्याही कपाळाचं नसतं. तिने कात्री परत दिली. संध्याकाळच्या आत त्या भिंतीवर दुसऱ्या कुणाचे फोटो लागले. बुरख्यातल्या बायकांचे होते.

गुंडाळी घेऊन घरी येईपर्यंत तिने अम्मीला सुनवायचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. अम्मी खिडकीशी बसली होती, डोळे लाल, शेजारी थेंबांची रिकामी बाटली. पावलं ओळखून तिने मान वळवली, पण नजर भलतीकडेच, दाराच्या कोपऱ्यावर ठरली. धाकटीने तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला, पापणीसुद्धा हलली नाही.

"रागावू नकोस," अम्मी म्हणाली. "नुसत्या कडा बांधून ठेवल्या होत्यास. म्हटलं, पोरीला दुकानातून वेळ कुठे मिळतो. अर्धं काम लोकांसमोर गेलं असतं तर नाव कुणाचं गेलं असतं?"

रोज दुपारी धाकटी कामावर गेली की ती बसायची, दोन महिने. शेवटचे दोन तर बोटांनीच केले, म्हणाली. मग पदराशी चाळा करत, लहान मुलीसारखं तिने विचारलं, "एवढे लोक आले असतील. कुणाला सापडली का एखादी जागा?"

धाकटी तिच्या शेजारी टेकली.

"नाही, अम्मी. कुणालाच नाही."

अम्मीचा चेहरा उजळला. पन्नास वर्षांत तिचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. नमाजाची वेळ झाली होती. ती म्हणाली, आईचा जानमाज दे, आता वापरता येईल. धाकटीने गुंडाळीतून तो काढून अंथरला, अम्मीला दंडाला धरून त्यावर उभं केलं आणि बाजूला झाली. अम्मी वाकली. तिचं कपाळ बरोबर आजीच्या जागेवर टेकलं. तो जानमाज पुन्हा विरायला वीस वर्षं लागली असती, आणि अम्मी बहात्तरची होती.