चार देशांचे हात जोडणारा बॅटन

मित्रांनो, संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात पडून असलेला मी एक जुना बॅटन आहे. रिले शर्यतीत एका धावपटूच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो ना, तोच. दिसायला पोकळ नळकांडे, पण माझ्याखालची पाटी वाचलीत तर म्हणाल, काय भाग्यवान! मला मात्र त्या पाटीपायी मान खाली घालावीशी वाटते, आणि मला तर मानच नाही.

लेथवर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. कुणाच्या हाताला ओरखडा उठू नये म्हणून माझी कड तो स्वतःच्या गालावरून फिरवून पाहायचा. त्याच्याइतक्या निगुतीने माझ्याकडे पुन्हा कुणी पाहिले नाही.

त्या काळी खंडाखंडांमधल्या क्रीडास्पर्धांचे मोठे अप्रूप होते. सुरुवातीला दोनच खंड एकमेकांना आव्हान देत. पुढे चार झाले. धावणे, पोहणे, कुस्ती, सगळे एकाच पंधरवड्यात. खेळाडूने अंगावर देशाचा नव्हे, खंडाचा रंग घालायचा. त्यामुळे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे शेजारी मैदानावर एकाच रंगात उभे राहत. भाषणे करणाऱ्यांना याचे भारी कौतुक.

मी ज्या संघाच्या वाट्याला आलो, त्यात चार देशांच्या चौघी होत्या. तिसरी आणि चौथी अगदी शेजारच्या देशांतल्या, आणि त्या दोन देशांमध्ये विस्तव जात नव्हता. तिसरी टपाल वाटायची. चौथी रुग्णालयात परिचारिका होती. परिचारिकेची ही शेवटची शर्यत. गुडघा कुरकुरू लागला होता, आणि एवढी वर्षे पळूनही गळ्यात एकही पदक पडले नव्हते.

दोघींचे प्रशिक्षक वेगळे. सराव मैदानाच्या दोन टोकांना, जेवण दोन टेबलांवर. बोलू नका असे त्यांना कुणी बजावले नव्हते. पण बोला असेही कुणी सांगितले नव्हते. एकदा बसमध्ये परिचारिकेने तोंड उघडले, टपालवालीनेही मान वळवली. मग दोघी आपापल्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. पिशवीतल्या पिशवीत माझा जीव खालीवर झाला.

शर्यतीत तिसऱ्या टप्प्यापर्यंत आम्ही सर्वांच्या पुढे होतो. परिचारिकेने पळता पळता हात मागे केला, तळवा वर करून. तिच्या देशात बॅटन वरून ठेवतात. टपालवालीच्या देशात तो खालून देतात. तिने मला खालून सारले. मी तळव्यात गेलोच नाही. बोटांच्या हाडांवर आदळलो आणि जमिनीवर पडलो.

नियमाप्रमाणे जिच्या हातून पडला तिने उचलायचा. दोघी थांबल्या आणि एकमेकींकडे बघत राहिल्या. बाकीचे संघ निघून गेले तरी मी तसाच. भरल्या मैदानात आपल्याला उचलायला कुणी तयार नाही, याची लाज काय असते ते मला तेव्हा कळले. शेवटी टपालवाली वाकली. परिचारिका मला घेऊन अंतिम रेषेपर्यंत गेली, पण चालत.

संध्याकाळी आमच्या संघाच्या व्यवस्थापकांनी वार्ताहरांना सांगितले, की बॅटनच फार गुळगुळीत होता. नाचता येईना अंगण वाकडे! दोघी शेजारीच उभ्या होत्या. दोघींनी माना डोलावल्या. त्या पंधरवड्यात तेवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचे एकमत झाले.

पुढे कुठे पैसा आटला, कुठे भांडणे पेटली, आणि त्या स्पर्धा पुन्हा भरल्याच नाहीत. मी सामानाच्या खोलीत खिडकीला टेकू म्हणून राहिलो. मग कुणीतरी मला पुसून इथे ठेवले आणि खाली पाटी लावली: ‘चार देशांचे हात जोडणारा बॅटन’.

परवा परिचारिका नातीला घेऊन आली. केस पांढरे, चाल मंद. नातीने पाटी मोठ्याने वाचली आणि विचारले, “आजी, म्हणजे तुमची गट्टी होती?”

आजीला हो म्हणता आले असते. पाटी तिच्याच बाजूची होती. पण तिचा चेहरा उतरला.

“नाही गं. मला बॅटन देणारी आणि मी, एका शब्दानं बोललो नाही आम्ही. ‘तू हात कसा धरतेस?’ एवढंच तर तिला विचारायचं होतं.”

“मग आता विचार ना.”

“ती गेली गं, मागच्या वर्षी.”

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. मी धातूचा आहे, टिकेन. माणसे तेवढी टिकत नाहीत. ज्याच्याशी अबोला धरला आहे, त्याला आजच काहीतरी विचारा.