बिननावाची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि सध्या माझं पोट रिकामं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आत काहीतरी गुपित सापडेल या आशेने तुम्ही पुढे वाचणार नाही. नेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात, ऑफिसच्या दाराशेजारी मी टांगलेली असते. गावाचं नाव सांगत नाही. नाव न सांगणं हेच माझं काम होतं, आणि जुनी सवय सुटत नाही.

माझा जन्म एका मोडक्या बाकातून झाला. सागवानाची फळी चांगली होती, पण पाय गेले होते. तेव्हाच्या मुख्याध्यापिका इंदूबाई यांनी गावातल्या उकंडाभाऊंना बोलावलं. उकंडाभाऊ सुतारकाम करायचे.

"बाई, फट केवढी ठेवू?"

"चिठ्ठी आत जाईल, पण हात जाणार नाही एवढी."

"मंग तुमचा हात कसा जाईन?"

"माझ्यासाठी किल्ली आहे ना. ती मी जपून वापरीन."

त्या फळीवर फार पूर्वी कोणा मुलाने कर्कटकाने आपलं नाव कोरलं होतं, 'नेमसिंग'. त्याबद्दल त्याला बहुधा मारही बसला असेल. उकंडाभाऊंनी रंधा उचलला, थोडा विचार केला आणि रंधा न मारता ती बाजू आत वळवली. म्हणून ज्या पेटीत कोणी नाव लिहायचं नाही, तिच्या तळाशी एक नाव आहे.

इंदूबाईंच्या काळात मी फार सुखात होते. दर शनिवारी शाळा सुटली की त्या मला मांडीवर घेत. प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचत. वाचून झाली की ती खिचडीच्या चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकत. एकदा चिठ्ठी आली, 'दीपा मॅडम अपूर्णांक फार घाईत शिकवतात.' सोमवारी इंदूबाई सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "दीपा, माझ्या डोक्यातून अपूर्णांक उडून गेलेत गं. मलाही शिकव, जरा हळू." दीपा मॅडम हसल्या आणि भाकरीचे तुकडे काढून हळूहळू शिकवू लागल्या. त्या तासाला मागची तीन मुलं पहिल्यांदा मान डोलावत होती. दीपा मॅडमना चिठ्ठीचा पत्ता आजवर लागलेला नाही.

इंदूबाई निवृत्त झाल्या. किल्ली खिळ्याला लटकत राहिली आणि माझ्या फटीत कोळ्याने जाळं विणलं. दोन वर्षं कोणी मला हात लावला नाही.

मग अतुल सर आले. त्यांच्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. सर सगळ्यांच्या आधी शाळेत येत. त्यांनी संडासात पाणी आणलं, भिंती रंगवल्या. त्यांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. एकदा ते तालुक्याला तीन दिवसांच्या नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला गेले आणि येताना प्रश्नांचे कागद घेऊन आले. मुलांनी ते भरले, शिक्षकांनीही भरले. उत्तरांवरून प्रत्येकाचा स्वभाव ठरणार होता. पुढे राहून हुकूम करणारा वाघ, मिळून काम करणारी मधमाशी, विचार करणारं घुबड आणि दुसऱ्याच्या मागे चालणारी मेंढी. सर वाघ निघाले. त्यांनी ते परिपाठात सांगितलंही.

रांगेत संघर्ष नावाचा एक मुलगा सोनूच्या कानाला लागला. "सर वाघ, मंग आपून काय बे?"

"आपून त्याचं जेवन."

कागदावर एक प्रश्न होता, 'गटात चालताना तू कुठे असतोस?' सातवीतल्या राखीने लिहिलं, 'सगळ्यात मागे.' राखी मेंढी निघाली. सगळ्यांच्या नावांचा तक्ता माझ्या समोरच्या भिंतीवर लागला आणि नावापुढे चित्रं आली.

प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट शिकवली होती, चांगला नेता ऐकतो. म्हणून सरांनी माझं जाळं काढलं, मला पिवळा रंग दिला आणि वर लिहिलं, 'मनातलं सांगा'. परिपाठात सर्वांसमोर ते म्हणाले, "नाव लिहू नका. कोणी लिहिलं हे मी कधीच विचारणार नाही. माझा शब्द आहे." मित्रांनो, त्या दिवशी मला पुन्हा जन्मल्यासारखं वाटलं.

पहिल्या आठवड्यात कोणी बॅट मागितली, कोणी खिचडीत मीठ कमी असतं म्हणून लिहिलं. गुरुवारी मधल्या सुट्टीत राखी आली. ती गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरून येणाऱ्या बारा मुलांपैकी सर्वांत मोठी. बाकीची अकरा लहान वर्गांतली. तिने आधी फटीला डोळा लावला. आत काळोख होता. तो बघून तिची खात्री पटली असावी, कारण लगेच तिने मुठीतली घडी आत सोडली.

चिठ्ठीत लिहिलं होतं, 'सर, तुम्ही गावातल्या मुलांना नावाने बोलावता. आम्हाला ए तांडा म्हणता. आम्ही बारा जण आहोत. आम्हाला पण नावं आहेत. आमच्या याडीने ठेवली आहेत.'

तांड्यावर आईला याडी म्हणतात. सगळी चिठ्ठी तिने शाळेच्या मराठीत, जपून लिहिली होती. पण नाव कोणी ठेवलं हे लिहायची वेळ आली, तेव्हा पेनातून घरचा शब्द उतरला. तिच्या ते लक्षातही आलं नसेल. आईसाठी शब्द शोधावा लागत नाही.

शनिवारी सरांनी मला उघडलं. दीपा मॅडम शेजारी होत्या. चिठ्ठी वाचताना सरांचे कान लाल झाले.

"कोणी लिहिलं हे?"

मॅडमनीही वाचलं. "सर, आपण खरंच म्हणतो का, ए तांडा? मला वाटतं, म्हणतो."

"ते नंतर बघू. आधी अक्षर कोणाचं ते सांगा."

मॅडमनी चिठ्ठी सरांकडे परत सरकवली. सरांचं बोट 'याडी' या शब्दावर थांबलं. त्यांनी हजेरीपट काढला. तांड्यावरून वरच्या वर्गात एकच मुलगी येत होती.

मला वाटलं, सरांना आपला शब्द आठवेल. माझ्याजवळ तोंड असतं तर मी आठवण करून दिली असती. पण माझ्याजवळ फक्त फट आहे.

सोमवारी परिपाठात सरांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. 'याडी' शब्दाला दोघे-तिघे हसले. सर म्हणाले, "नेत्याला हिंमत लागते. नाव लपवून लिहिणं ही काही हिंमत नाही." मग त्यांनी हाक मारली, "राखी धरमसिंग राठोड, समोर ये."

मित्रांनो, सरांनी तिला नावाने हाक मारली ती ही पहिली वेळ.

ती समोर आली.

"तू लिहिलंस?"

"हो सर."

"मग नाव का नाही लिहिलं?"

"तुम्हीच नका लिहू म्हटलं होतं."

सर म्हणाले, "जा जागेवर." जाताना राखीने सरांकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून माझ्या लाकडात आहे. तिला वाटलं, मी फितूर झाले. आणि मला ज्याने रंग दिला, त्यानेच मला फितूर केलं होतं.

मंगळवारी राखी आली नाही. तांड्यावरचं एकही मूल आलं नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी तिची आई मानीबाई आली. सरांनी खुर्ची दिली, पण ती ऑफिसात गेली नाही. व्हरांड्यात माझ्याजवळ उभी राहिली.

"सर, माह्या पोरीनं खोटं लिवलं का?"

"खोटं नाही, पण..."

"तुमी म्हनलं नाव लिवू नका. तिनं नाई लिवलं. मंग तुमी काहून शोधलं?"

सर म्हणाले, "तिला पाठवा. मी रागावणार नाही."

"रागवा ना. रागवल्यानं काई होत नाई. पन तुमी जबान देल्ली होती." तिने पदर सारखा केला. "थे येत नाई, म्हनून बाकीचेबी घरी हायेत. लहानं लेकरं म्हनते, मागून कोन चालन?"

"मागून म्हणजे?"

"रस्त्यात नाला लागते, डांबरी सडक लागते. पुढं चाललं त मागचं लेकरू दिसत नाई. म्हनून थे सगळ्याईच्या मागं राह्यते. अकराईले मोजत येते."

सरांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे राखीच्या नावापुढे मेंढी होती. मानीबाई केव्हा निघून गेली, हे त्यांना कळलंही नाही.

पुढच्या सोमवारी तांड्याची रांग आली, राखी सर्वांत मागे. सर फाटकात उभे होते. "ये बादल. ये सेवादास." एकीचं नाव चुकलं, ते त्यांनी तिलाच विचारून सुधारलं. बाराही नावं घेतली. तक्ता भिंतीवरून उतरला होता. परिपाठात ते म्हणाले, "चूक माझी होती. पेटी सुरूच आहे."

म्हणजे राखीने जे मागितलं ते तिला मिळालं. आता चिठ्ठ्या येतील म्हणून मी वाट पाहू लागले. एकदा गोळीचा कागद आला. मग तोही येईना. परवा लहानग्या बादलने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "राखीताई, याच्यात काय असते?"

"काई नाई," ती म्हणाली. "चाल, घंटी झाली."

मित्रांनो, तुमच्यातले कोणी मॉनिटर आहेत, कोणी उद्या मोठे साहेब व्हाल. स्वभाव ओळखायचे कागद तुम्हालाही भरायला मिळतील. भरा, गंमत असते. पण माणूस कुठे चालतो हे विचारलंत, तर का चालतो हेही विचारा. आणि कोणाच्या मनाची किल्ली तुमच्या हाती आली, तर काय लिहिलं आहे ते आधी दोनदा वाचा. कोणी लिहिलं, ते शोधू नका. ज्याला सांगायचं असेल तो सांगेल.

सर अजून दर शनिवारी मला उघडतात. हात आत घालून कोपरे चाचपतात. त्यांच्या बोटांना चिठ्ठी लागत नाही. तळाशी कोरलेली अक्षरं लागतात. नेमसिंग. ते नाव त्याने आपल्या हाताने, आपल्या मर्जीने लिहिलं होतं.