ओटिलीबाईंचा न धुतलेला स्वेटर

प्रयोगशाळेला नवा रंग लागला, कोपरान्‌कोपरा घासून लख्ख झाला आणि तेव्हापासून ओटिलीबाईंचे स्फटिक पडेनात.

प्रयोगशाळेचे प्रमुख हुबाचेकसाहेब हात धुऊन माझ्या मागे लागले. "क्वेता, शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर म्हातारीचं काम नि नाव दोन्ही लेखातून काढणार. पुन्हा करता येत नाही ते खरं कसं मानायचं?"

ओटिलीबाई निवृत्त, डोळ्यांनी जवळजवळ अधू. आयुष्यभराच्या कामातलं एवढंच त्यांच्या नावावर राहणार होतं. मला साहेबांचा भयंकर राग आला, पण कामाला लागले. अडेनोसिन या रसायनावर परमँगनेटचे थेंब सोडले. जांभळा रंग फुले आणि विरून जाई. बघता बघता मी कुठल्या कुठे पोचायचे. बाहेर व्लतावा नदी धुक्यात बुडालेली. तपकिरी गाळ काढला, आम्ल घातलं, उरलेलं गरम पाण्यात विरघळवून निवत ठेवलं. तळाशी पुन्हा चिकट पाक. स्फटिक धरावेत म्हणून काचेच्या कांडीनं भांडं आतून खरवडलं. ढिम्म!

शेवटी मी ट्रॅमनं बाईंनाच घेऊन आले. अंगात तोच राखाडी स्वेटर, जो घालून त्या इथं काम करायच्या.

"फिनेलचा वास येतोय गं," त्या म्हणाल्या. "माझी पिलावळ गटारात घातलीत की!"

"कसली पिलावळ?"

"स्फटिकांची धूळ गं. खोलीत तरंगत राहते. नवे स्फटिक तिलाच धरून वाढतात."

मी स्वेटरकडे पाहिलं. "बाई, हा कधी धुतलात?"

"छे, लोकर आटते," त्या गालात हसल्या.

मी भांडं गरम केलं, पाक विरघळला. कोमट झाल्यावर बाईंनी त्यावर बाही झटकली. "लोकर नंतर गाळून घे."

"हा काय जादूटोणा?" दारातून साहेब.

"हुबाचेक, तुला इथं भांडी घासायला मी शिकवलंय. गप उभा राहा."

खोलीत संध्याकाळ उतरत गेली. कुणी दिवा लावला नाही. मग पाण्यात एक ठिपका लुकलुकला, त्याला बारीक पांढऱ्या सुया फुटल्या, सुयांना सुया. माझे डोळे भरून आले.

"आले का गं?" बाईंनी विचारलं.

मी भांडं त्यांच्या कानाशी धरून हळूच गोल फिरवलं. आत स्फटिक बारीक रेतीसारखे सळसळले.

साहेब खाकरले. "बाई, तुमचं नाव राहतंय लेखात."

"थांब रे," त्या म्हणाल्या, "ऐकू दे."