सात कनाती

मले आधी एक सांगा, चित्र म्हणल्यावर त्यात काहीतरी दिसाले पाह्यजे का नाही? बैल, बाई, नदी, काही बी. माह्या भावाच्या चित्रात काहीच दिसत नाही. लाल म्हणजे नुसतं लाल, पिवळं म्हणजे नुसतं पिवळं, अन् तेही पुरुषभर उंच, दहा हात लांब. अशी सात. इचारलं, "केशव, हे काय हाये गा?" तर म्हणे, "भाऊ, जे दिसते तेच हाये." हे ऐकून ऐकून माहं डोकं फिरलं होतं.

मी भैयाजी, इतवारीतला मांडववाला. धंदा बापानं उभा केला, मी वाढवला. केशव धाकटा. मुंबईले पाच वर्षं चित्रकला शिकून आला, त्याले आठ वर्षं झाली, अन् या आठ वर्षांत त्यानं मांडवाच्या दोरीले हात लावला नाही. लढाई संपून वर्ष होत आलं तरी कपड्याचं कंट्रोल काही उठलं नव्हतं, पोरीच्या फराकीले कापड भेटत नव्हतं. अन् या बावानं माह्या गोदामातल्या सात कनाती उचलल्या, त्यावर सरस अन् खडू थापला, वरून रंग! कनात म्हणजे मांडवाची कापडी भिंत, बायांची पंगत तिच्याच आडोशाले बसते. मी बोंबललो, तर बायकोनं मलेच गप्प केलं.

मग त्याले प्रदर्शन भरवाचं होतं. बर्डीवरचा हॉल मीच मिळवून देल्ला, बांबू मीच उभे केले. एवढ्या मोठ्या चौकटी करणार कोण? म्हणून चित्रं कनातीसारखीच दोरीनं ताणून बांधली. पण बांधाच्या आधी मी त्याच्यापासून एक गोष्ट कबूल करून घेतली. त्याचे मुंबईचे मास्तर मधुकरराव कलकत्त्याले जाता जाता नागपुरात उतरणार होते. तिकडं मोठं प्रदर्शन होतं अन् त्यासाठी इकडली चित्रं तेच निवडणार होते. त्यांनी एक जरी चित्र निवडलं, तर केशवनं खुशाल चित्रं काढावं, मी जन्मभर तोंड उघडणार नाही. नाही निवडलं, तर ब्रश ठेवून गोदामात यावं.

"कबूल, भाऊ," केशव म्हणाला. डोळ्याची पापणीही हलली नाही त्याची.

पह्यल्या दिवशी अकरा माणसं आली. एक कापसाचा दलाल चित्राले बोट लावून म्हणे, "रंग कोण्या कंपनीचा हो? धुतल्यावर जाते का?" एका पेन्शनवाल्यानं इचारलं, "हा नकाशा कोण्या मौज्याचा?" केशवनं दाराशी एक वही ठेवली होती, लोकायनं आपलं मत लिहावं म्हणून. त्यात दिवसभरात एकच ओळ लिहिली गेली: 'हॉल हवेशीर आहे.' अन् हा शायना प्रत्येकाले घसा कोरडा होईस्तोवर समजावून सांगे. मले तर तिथं उभं राहाची लाज वाटून राहिली होती.

मास्तर काही आले नाही. दुसऱ्या दिवशी बी नाही.

"गाडी चुकली असंन. उद्या नक्की येतीन," केशव म्हणाला.

"कोणी येत नाही गा! मोठे लोक शब्द देतात अन् इसरतात. तू बस वाट पाहत."

तो उद्यासाठी सदऱ्याले इस्त्री करत बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळीच माहा गडी रामाजी खाली मान घालून आला. हिंगण्याचा मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, महादेवराव, त्याच्या पोरीचं लग्न होतं. तिकडं जाणारा सात कनातींचा गठ्ठा रामाजीनं भलत्याच बैलबंडीत टाकला होता, अन् ती बंडी रातीच खापरखेड्याले गेली होती. कुठी हिंगणा, कुठी खापरखेडा!

"डोळे घरी ठेवून आला होता का बे?" मी कडाडलो. पण कडाडून कनाती येतात का? वैशाखात साऱ्या मांडववाल्यांचा माल बाहेर असते. चार ठिकाणी पळलो, चौघांनी हात वर केले. कनात नाही तर बायांची पंगत बसणार नाही, अन् पंगत अडली तर महादेवराव मले त्या भागात पुन्हा उभं करणार नाही.

अन् मंग मले हॉलातल्या सात आठवल्या.

केशव तिसऱ्यांदा ठेसनावर गेला होता. मी म्हणलं, दोन दिवस जो आला नाही, तो आज काय येते? संध्याकाळपर्यंत आणून पुन्हा बांधून टाकू, कोणाले पत्ताही लागणार नाही. खरं सांगू का? मनात रागही होता. माह्याच कनाती माह्याच कामाले पडणार नाही, तर त्या कायले ठेवाच्या? हॉलची एक किल्ली माह्यापाशी होतीच. रामाजीनं अन् मी अर्ध्या घंट्यात सातही सोडल्या अन् बंडी हाकलली.

हिंगण्याले पोचून आम्ही त्या बांधल्या. रंगाची बाजू आत, बायांकडं केली. बाहेरून मालगुजाराले दिसली असती तर त्यानं मले हाकलूनच लावलं असतं. बाया आल्या, तोंडाले पदर लावून हासल्या, पाटावर बसल्या. माहा जीव भांड्यात पडला.

थोड्याच वेळात वाढणारे बोंबलत आले. महादेवरावची म्हातारी माय रुखमाबाई पिवळ्या कनातीकडं तोंड करून बसली होती. तिचं पाहून शेजारणी फिरल्या, त्यांचं पाहून अख्खी ओळ फिरली. आता पात्रं अन् कनात यांच्या मधात हातभर जागा, वाढणारा जाईल कुठून? हातात वरणाची बादली घेऊन पोट्टे नुसते उभे.

मी आत गेलो. "आजी, इकडं तोंड करा ना. काय पाहून राहिल्या त्यात? त्यात काहीच नाही."

म्हातारी माह्याकडं वळली बी नाही. म्हणे, "काही नाही म्हूनच त पाहून राहिली, बापा. साठ वर्षं झाली, जिकडं पाहो तिकडं मले कामच दिसते. अथी काही काम नाही. जीव निवते. तू जा गा, पोट्ट्यायले म्हणा मागून वाढा."

मी तसाच उभा राह्यलो. त्या पिवळ्याकडं मी पह्यल्यांदाच नीट पाह्यलं. समजलं असं नाही म्हणत मी. पण आठ वर्षांत जे मी भावाले नीट इचारलं नाही, त्याचा जवाब या म्हातारीनं जेवता जेवता देल्ला. हे केशवले कधी सांगतो असं मले झालं. पंगती उठल्या तशा कनाती सोडल्या, अन् परतीच्या वाटेवर मी गाडीवानाले सारखा म्हणत होतो, हाक लवकर, हाक.

दिवस बुडाले आला तेव्हा हॉलात शिरलो. रिकाम्या बांबूंच्या मधात केशव फरशीवर बसला होता. इस्त्रीचा सदरा घामानं भिजला होता. मी दारातूनच सुरू झालो. रुखमाबाई, पिवळं चित्र, फिरलेली पंगत, सारं एका दमात सांगतलं. त्यानं ऐकून घेतलं.

"मास्तर आले होते, भाऊ."

"आज? कधी?" मी इचारलं.

"गाडी दोन घंटे लेट होती. मी त्यायले घेऊन आलो अन् कुलूप उघडलं, तर नुसते बांबू. पह्यले मले वाटलं, चोरी झाली. मंग रामाजीचं पागोटं इथंच राह्यलेलं दिसलं, तेव्हा समजलं. मास्तर एक घंटा बसले. मी म्हणत राह्यलो, येतच असतीन, येतच असतीन. मंग त्यांची पुढची गाडी होती."

"तार करू! मी सोता नेतो कलकत्त्याले, सातच्या सात नेतो!"

"यादी आज इथूनच तारेनं जाणार होती. ते गेले यादी देऊन."

त्यानं मले शिव्या द्याले पाह्यजे होत्या. थोबाडीत मारली असती तरी मी खाल्ली असती. त्यानं फक्त उठून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामात गेलो तर केशव माह्याआधी हजर. बाह्या वर सारलेल्या, समोर दोरीचं भेंडोळं.

"हे काय करून राहिला?"

"कबूल केलं होतं ना. कोण्या बंडीत काय टाकाचं ते सांगा."

"अरे, ते नाही निवडलं तर म्हणलं होतं! त्यायनं पाह्यलंच नाही, त निवडतीन कुठून? ती बोली मोडली. जा घरी. चित्रं काढ!"

"निवडलं नाही ना, भाऊ."

"मी मोडतो म्हणतो ना बोली! तुह्या पाया पडतो, घरी जा!"

मी ओरडून राहिलो होतो अन् तो दोरी उलगडत होता. वाडीतल्या मांडवाची बंडी भराची होती. त्यानं बांबू मोजून बाजूले काढले, एकावर एक रचले, आवळून बांधले. गाठ चुकली, सोडली, पुन्हा बांधली. आठ वर्षं ज्या माणसाले मी बोलवत होतो, तो माह्यासमोर काम करून राहिला होता, अन् मले त्याच्याकडं पाहवत नव्हतं.