जीव घाबरत नसतो

थोरली आजारी पडू शकते, हे धाकटीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. थोरली म्हणजे दुसऱ्यांना दवाखान्यात नेऊन आणणारी बाई. पोहण्याच्या तलावावर ती मुलांना शिकवायची. आवाज असा, की बुडी मारलेल्या पोरालाही पाण्याखाली ऐकू जावा. मुलं तिला पाठीमागे 'भोंगा' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी बसवायची, नाकावर वळ उठतोय का बघायची, आणि दिवसभरात जेवढं बोलायची तेवढं थोरली एका दमात बोलून मोकळी व्हायची. थोरलीचा संसार टिकला नव्हता, धाकटीने मांडलाच नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघींचं कधी गोडीत, कधी धुसफुशीत बरं चाललं होतं.

त्या दुपारी थोरली तलावावरून निघाली ती घरी न जाता थेट दुकानात आली आणि आरशासमोरच्या स्टुलावर मटकन बसली.

"काय गं ताई, आज लवकर?"

"कसंतरीच होतंय गं. जीव घाबरा झालाय."

धाकटीने आरशात पाहिलं. थोरलीचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि केसांच्या कडेने घाम ओघळत होता. मालकाने नुसती मान हलवून 'निघा' म्हटलं. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता, पण तेवढ्या वाटेत थोरली दोनदा थांबली.

दवाखान्यात तेव्हा एक नवा डॉक्टर आला होता. परमुलखातला. इथली भाषा तो इथे येऊन शिकला होता, आणि शिकला होता तीही अशी, की सुरुवातीला लोक नुसते त्याचं बोलणं ऐकायला जात. "काय बोलतो! जन्मात आपल्याला नाही जमायचं असं," म्हणत. मग हळूहळू तो समोरच्याचंही बोलणं सुधारू लागला. 'दुखतंय' म्हटलं की "दुखत आहे म्हणा." 'मला की नाही, काल ना' अशी कुणी सुरुवात केली की हात वर करून थांबवायचा. औषधवाल्याची बायको पोटदुखी घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, "पोट आहे तिथेच आहे, क्रियापद तेवढं बरं झालं!" सगळे हसले. रागावलं कुणीच नाही. शिकलेला माणूस आहे, चार शब्द ऐकून घेतले तर कुठे अंगाला भोकं पडतात, असंच सगळ्यांना वाटायचं. धाकटीलाही.

"काय होत आहे?" डॉक्टरने विचारलं.

"कसंतरीच होतंय हो," थोरली म्हणाली.

"कसंतरी हे वर्णन नाही. नेमके सांगा."

"दरदरून घाम सुटलाय."

"घाम येतो. सुटते ती गाडी."

धाकटीने चमकून थोरलीकडे पाहिलं. एरवी असं कुणी बोललं असतं तर थोरलीने त्याला तोंडाने धुऊन वाळत घातलं असतं. आज ती नुसती धापा टाकत होती.

"हा डावा हात गळून गेल्यासारखा झालाय."

"गळतो तो नळ. हात दुखतो किंवा बधिर होतो. दोन्हींपैकी काय?"

"दुखत नाही... बधिर पण नाही. गळाल्यासारखा..."

"म्हणजे तुम्हाला सांगता येत नाही." तो तिची नाडी बघत होता, हाताला पट्टा बांधून रक्तदाब घेत होता. हात आपलं काम करत होते, कान मात्र शब्दांत अडकले होते.

"आणि जीव घाबरा होतोय हो डॉक्टर. फार घाबरा होतोय."

डॉक्टरने पट्टा सोडला आणि तो हसला. वर्गात शेवटच्या बाकावरचं उत्तर चुकल्यावर मास्तर हसतात तसा.

"जीव घाबरत नसतो, बाई. घाबरतो तो माणूस. तुमचा कर्ताच चुकत आहे. भाषा तुमचीच आहे ना? मग जरा नीट बोला."

कपाटापाशी सिस्टर उभी होती. ती इथलीच. ती पुढे आली. "डॉक्टर, कार्डिओग्राम काढून घेऊ का? जीव घाबरा होतोय म्हणतायत म्हणजे..."

"सिस्टर, निदान तुम्ही तरी!" त्याने तिला गप्प केलं आणि पुन्हा थोरलीकडे वळला. "हं, म्हणा. मला..."

थोरलीने ओठांवरून जीभ फिरवली. एकदा धाकटीकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. शब्द हरवलेल्या लहान पोरीसारखी ती चाचपडत होती.

"मला... भीती... वाटत आहे?"

"शाब्बास! आता कसे वाक्य झाले."

धाकटी सुन्न झाली. खोल पाण्याच्या काठावर 'भीती' हा शब्द नुसता काढला म्हणून पोरांना तलावाभोवती पळायला लावणारी ही बाई. तिला भीती वाटत नव्हती. तिला दुसरंच काहीतरी होत होतं. ते तिने आल्या आल्या सांगितलं होतं, चार-चारदा सांगितलं होतं. आणि या माणसाने ते एकेक करून खोडून तिच्या तोंडात भलतंच घातलं होतं. आता तो त्या भलत्यावरच औषध लिहीत होता. "मन शांत राहील. घरी जाऊन झोपा. अशी भीती या वयात वाटते."

हे सगळं धाकटीला तिथे, त्या खुर्चीवर बसल्या बसल्या दिसत होतं. तरी दातखीळ बसल्यासारखी ती उठली आणि थोरलीला धरून बाहेर आली.

बाहेर वजनकाट्याशेजारच्या बाकावर थोरली टेकली. "थांब जरा," म्हणाली. आणि तशीच बाकावरून घसरत खाली गेली. तिच्या चपला दोन दिशांना गेल्या.

धाकटी किंचाळली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला त्या दिवशी कळलं. सिस्टर कुणालाही न विचारता मशीन ढकलत धावत आली आणि तिथेच, फरशीवर, तिने थोरलीच्या छातीला वायरी लावल्या. डॉक्टर दारात आला. मशीनमधून निघालेली पट्टी त्याने हातात घेतली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मग मात्र त्याने हयगय केली नाही. जिभेखाली गोळी ठेवली, स्ट्रेचर स्वतः ओढलं, ॲम्ब्युलन्समध्ये स्वतः चढला. रस्ताभर तिची नाडी धरून बसला.

मोठ्या रुग्णालयात थोरलीच्या हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली. "नशीब बलवत्तर," तिथले डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं."

थोरली घरी आली. खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागली. रंग परतला, भूक परतली. एक दिवस ती म्हणाली, "मला पाणी हवे आहे."

धाकटीला वाटलं, थट्टा करतेय. ती खो खो हसली. "आज्ञा, महाराणी!"

थोरली हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "खिडकी बंद कर. वारा येत आहे."

"ताई, अशी काय बोलतेस पुस्तकातल्यासारखी?"

"नीट बोललेले बरे," थोरली हळू आवाजात म्हणाली. "नाहीतर लोकांना कळत नाही. मग मरायची पाळी येते."

धाकटीच्या हातातला पेला तसाच राहिला. हृदय मोठ्या डॉक्टरांनी दुरुस्त केलं होतं, पण ज्या तोंडाने ही बाई अख्खा तलाव हलवायची, त्या तोंडाला तिच्याच भाषेचा धाक बसला होता. प्रत्येक वाक्य ती आधी मनात तपासून बघत होती, आणि मग घाबरत घाबरत बाहेर सोडत होती.

दुसऱ्या दिवशी धाकटी दवाखान्यात गेली. बाक माणसांनी भरले होते. ती रांगेत थांबली नाही, सरळ डॉक्टरच्या खोलीत शिरली. दार उघडंच राहिलं.

"माझी बहीण मरता मरता वाचली," ती म्हणाली.

तो उभा राहिला. डोळे खोल गेले होते. "मला माहीत आहे. मी रोज चौकशी करत होतो. माझी चूक झाली. पण त्या स्वतःच म्हणाल्या होत्या, भीती वाटत आहे म्हणून..."

"तुम्ही वदवून घेतलंत! तिला काय होतंय ते ती सांगत होती. तुम्ही तिच्या तोंडची भाषा पळवलीत!"

"तोंडातली," डॉक्टर म्हणाला.

शब्द त्याच्या तोंडून निसटला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. त्याने हात तोंडावर नेला. पण शब्द सगळ्यांनी ऐकला होता. "अगं बाई!" बाहेरच्या बाकावरून औषधवाल्याची बायको म्हणाली आणि तिने कपाळाला हात लावला.

राग येण्याआधीची, माणूस जागच्या जागी थिजतो ती अवस्था धाकटीची संपतच नव्हती. शेवटी सिस्टरने तिचा दंड धरला आणि तिला घेऊन वर, दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरीणबाईंकडे गेली. तिथे धाकटीच्या आधी सिस्टरच बोलली, आणि आपण तेव्हा गप्प बसलो तेही तिने सांगितलं. त्याच दिवसापासून त्या डॉक्टरला चौकशी होईपर्यंत पेशंट तपासायचे नाहीत असं ठरलं.

मग एका रविवारी सकाळी तो घरी आला. दार धाकटीने उघडलं. ती त्याला आत घेणार नव्हती, पण थोरलीने खुर्चीतून हाताने 'येऊ दे' केलं.

तो स्टुलाच्या कडेवर बसला. "मी इथे शिकायला आलो तेव्हा माझ्या प्रत्येक वाक्याला वर्ग हसायचा," तो म्हणाला. "मी खोलीत दार लावून व्याकरण पाठ करायचो. मग एके दिवशी कुणी हसले नाही. तेव्हापासून..."

"तेव्हापासून तुम्ही हसायला लागलात," थोरली म्हणाली.

त्याने मान खाली घातली. मग विचारलं, "जीव घाबरणे म्हणजे नेमके काय होते? मला खरोखर माहीत नाही."

थोरलीने तोंड उघडलं, मिटलं. आणि मग एकदम कडाडली, "अहो, ते धड सांगता आलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते मरायला!"

खिडकीतली कबुतरं फडफडत उडाली. धाकटीने पटकन तोंड फिरवलं. थोरली स्वतःच दचकली होती. मग तिने गळ्याखाली हात ठेवला आणि जरा खालच्या आवाजात म्हणाली, "इथून खाली सगळं रिकामं होतं बघा. पाण्यात पाय टेकेल म्हणून सोडावा आणि तळच लागू नये, तसं. भीती नंतर वाटते. आधी हे."

तो लक्ष देऊन ऐकत होता. मध्ये एकदाही बोलला नाही. मग उठला, हात जोडले. "मी जातो."

"जातो म्हणत नाहीत," थोरली म्हणाली. "कुणाच्या घरातून निघताना येतो म्हणायचं."

"पण मी तर जात..." तो उंबऱ्यात घुटमळला. "येतो," म्हणाला.

'नका येऊ' हे धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. दार मात्र तिच्या हातून जरा जोरातच लागलं.