तिसऱ्या मजल्यावरून मेसमध्ये आलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. मात्र भिंतीला चिकटून आयुष्य काढणाऱ्यांतला मी नव्हे. मला दोन उभे पाय आहेत, पायांना चाकं आहेत आणि मधोमध आडवा दांडा असल्यामुळे मी गिरकी घेऊ शकतो. एक बाजू भरली की मला उलटायचं आणि दुसऱ्या बाजूवर लिहायचं. भिंतीवरच्या फळ्यांना ही चैन नाही.

माझा जन्म विद्यापीठाच्याच सुतारशाळेत झाला. मला घडवणारे सुतारकाका भारी चिकट. रंगाचा एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, बारीक पॉलिशपेपरने घासायचा आणि पुन्हा रंग द्यायचा, असं त्यांचं कितीतरी दिवस चाललं होतं. त्यांचे सोबती वैतागून म्हणाले, “अहो, फळा करताय की आरसा?”

काका म्हणाले, “आरशात माणूस एकटं स्वतःला बघतं. याच्याकडे अख्खा वर्ग बघणार आहे.”

त्या घासण्याचं चीज झालं. खडू माझ्यावर कधी किरकिरला नाही.

गणित विभागाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या वर्गात मला ठेवलं. इमारतीला लिफ्ट होती, पण नावालाच. मोडक्या खुर्च्या ठेवायला तिचा उपयोग होत असे. मुलं धापा टाकत वर यायची आणि पहिली काही मिनिटं नुसती वारा घ्यायची. तिथेच माझी आणि पुन्हासरांची गाठ पडली.

हे नाव मुलांनी ठेवलेलं. सर एखादी सिद्धता लिहीत जायचे, फळा गच्च भरायचा, मुलांना वाटायचं, सुटलो. तेवढ्यात सर वर्गाकडे वळून चेहरे बघायचे. एखाद्याच्या कपाळावर आठी दिसली की ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकायचे आणि म्हणायचे, “चला, पुन्हा.” दुसऱ्या वेळी तीच सिद्धता वेगळ्या वाटेने यायची, जरा सोपी होऊन. कधीकधी तिसऱ्या वेळी. मुलं मागे बसून त्यांची नक्कल करायची, पण त्यांचा तास बुडवायची नाहीत. मी अनेक शिक्षकांचे हात पाहिले. काहीजण माझ्याशी बोलायचे आणि वर्गाकडे पाठ करायचे. पुन्हासर लिहितानाही अर्धे वर्गाकडे वळलेले असत. म्हणून त्यांच्या ओळी थोड्या वर चढत जायच्या. मला त्या तिरक्या ओळींचा अभिमान वाटे.

एका वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात एक उंच मुलगी आली. इतकी उंच, की मुलींनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ‘शिडी’ ठेवलं. ती लांबच्या एका छोट्या गावातून आली होती. तिचे वडील बसचालक होते. ती सर्वांत मागे बसायची आणि उंची लपवायला खांदे पाडून बसायची. प्रश्न विचारला की तिला घाम फुटायचा. उत्तर येत असायचं, हे मला तिच्या ओठांच्या हालचालीवरून दिसायचं, पण आवाज काही बाहेर यायचा नाही.

वसतिगृहात तिच्या खोलीत जी मुलगी होती, तिला सगळे ‘मिरची’ म्हणत. अंगापिंडाने एवढीशी, पण जिभेला धार. दोघींचं सुरुवातीला विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. मिरचीला खिडकी उघडी लागायची, शिडीला बंद. एकीला गाणी लावून अभ्यास व्हायचा, दुसरीला टाचणी पडली तरी ऐकू यायची. माझ्यासमोरच्या बाकांवर त्यांच्या तक्रारी मी रोज ऐकत असे.

“हिला माझ्या खोलीतून काढा कुणीतरी,” मिरची म्हणायची.

“तुझ्या एकटीची खोली आहे का?” शिडी हळूच म्हणायची. तिचा तेवढाच काय तो आवाज वर्गाला ठाऊक.

मग एक दिवस मागच्या बाकावरची ती जागा रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशीही रिकामी. सरांनी विचारलं, “आपली उंच मुलगी कुठे?”

मिरची उभी राहिली. “सर, बाथरूममधून गरम पाण्याची बादली आणताना जिन्यावर पाय घसरला तिचा. पायाचं हाड मोडलंय. मांडीपर्यंत प्लास्टर आहे. रेक्टरबाईंनी आम्हाला तळमजल्यावरची खोली दिलीय.”

“मग अभ्यास?”

“मी वह्या देते तिला. पण ती म्हणते, वहीत उत्तर असतं, तुमचं ‘पुन्हा’ नसतं.” वर्ग हसला. मिरची हसली नाही. “तीन मजले चढणं शक्य नाही, सर. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. तिने घरी कळवलंय. शनिवारी तिचे बाबा न्यायला येणार आहेत. वर्ष सोडून देते म्हणाली. आणि मला नाही वाटत ती परत येईल.”

“का नाही येणार?”

मिरचीने नजर खाली घातली. ते मी प्रथमच पाहिलं. मग ती म्हणाली, “तिला आधीपासूनच वाटतं की आपण इथल्या नाही. पाय नुसतं निमित्त झालाय.”

सरांनी त्या दिवशी फडका उचललाच नाही. हातातला खडू फिरवत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आले ते गालातल्या गालात हसत. म्हणाले, “तळमजल्यावर एकही वर्ग रिकामा नाही. पण मुलींच्या वसतिगृहाची मेस दोन जेवणांच्या मध्ये रिकामी असते, हे मला आज रेक्टरबाईंनी सांगितलं. कार्यालयातले साहेब म्हणाले, मेसमध्ये वर्ग भरवायचा नियम नाही. मी म्हटलं, भरवायचा नाही असा नियम दाखवा. ते अजून शोधतायत. त्यांना सापडायच्या आत आपण निघू या. फक्त एक अडचण आहे. मेसमध्ये फळा नाही.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मित्रांनो, मी मनातल्या मनात एक गिरकी घेतली.

शनिवारी दुपारी मला तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवलं. सांगायला सोपं आहे, करायला नव्हतं. माझं वजन काही थोडंथोडकं नाही. पुढे पाच-सहा जण, मागे तितकेच, आणि मिरची जिन्याच्या कठड्याला लटकून हुकूम सोडत होती. “डावीकडे! अरे, तुझं डावं नव्हे, फळ्याचं डावं!” दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी अडकलो. आडवा होईना, उभा जाईना. सर स्वतः खाली वाकले, माझ्या दांड्याचा स्क्रू सैल केला आणि मला तिरका केला. मग सुटलो. पण इमारतीबाहेरच्या खडबडीत रस्त्यावर माझं एक चाक निखळलं आणि गडगडत गटाराकडे गेलं. मुलं दमली होती. त्यांनी मला वाटेतच टेकवलं.

तेव्हा समोरून एक उंच, रापलेला माणूस येत होता. त्याच्या हातात मोठी रिकामी बॅग होती. त्याने गटाराजवळचं चाक उचललं, मुलांना आणून दिलं आणि काही न विचारता बॅग खांद्याला अडकवून माझ्या मोडक्या बाजूखाली खांदा दिला. “चला, कुठे न्यायचंय?”

“मुलींच्या वसतिगृहात, काका. मेसमध्ये.”

“मीही तिकडेच निघालोय.”

माणूस ताकदीचा होता. मुलांनी पुन्हा उचल खाल्ली. चालता चालता त्याने विचारलं, “मेसमध्ये फळा कशाला रे? जेवणात काय आहे ते लिहायला?”

एक मुलगा हसला. “नाही हो काका. आमच्या वर्गातल्या एका मुलीचा पाय मोडलाय. तिला वर येता येत नाही. म्हणून वर्गच खाली नेतोय.”

त्या माणसाची पावलं थांबली. त्याच्याबरोबर मीही थांबलो. मग त्याने खांदा नीट बसवला आणि पुन्हा चालू लागला, आधीपेक्षा भरभर.

मेसच्या दारात शिडी कुबड्यांवर उभी होती. तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. बाबा आले, एवढंच तिला कळलं होतं. तिने पाहिलं तर सगळा वर्ग घामाघूम, मध्ये मी, आणि माझ्या कोपऱ्याखाली तिचे बाबा.

“बाबा, तुम्ही हे काय करताय?”

“मला काय विचारतेस?” ते म्हणाले. “यांना विचार.”

मेसच्या मावशी आतून कालथा घेऊन बाहेर आल्या. “हे धूड इथे नको! माझ्या भाजीत खडू पडेल!” बरीच घासाघीस झाली. शेवटी मी स्वयंपाकघरापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात उभा राहायचं आणि सरांनी कोरडं पुसायचं नाही, ओल्याच फडक्याने पुसायचं, यावर तह झाला. चाकाच्या जागी विटेचा तुकडा आला. आणि कांदा परतल्याच्या वासात, जेवणाच्या लांब टेबलांवर, पहिला तास सुरू झाला.

शिडीचे बाबा दारापाशी स्टुलावर बसून राहिले. त्यांना गणितातलं किती कळलं कोण जाणे, पण सरांनी फळा पुसून “चला, पुन्हा” म्हटलं तेव्हा ते पुढे सरकून बसले. तास संपल्यावर सर त्यांच्याजवळ गेले. बाबांनी उठून त्यांना हात जोडले. मग मुलीकडे वळून म्हणाले, “तुझ्या आईला मी समजावतो. तू राहा.”

“आणि नाही जमलं तर, बाबा?”

“नाही जमलं तर नाही जमलं. पण एवढी माणसं जिना उतरून तुझ्यासाठी आलीत. तू लगेच उठून जाऊ नकोस.”

रिकामी बॅग रिकामीच परत गेली.

पुढचे कित्येक आठवडे वर्ग मेसमध्ये भरला. पुन्हासरांनी इतकी वर्षं शिकवूनही वसतिगृहात कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता त्यांना तिथलं सगळं दिसू लागलं. पाणी पहाटेच येतं आणि त्यासाठी मुली अंधारात उठतात, म्हणून सकाळच्या तासाला पेंगतात, हे त्यांना कळलं. खोल्यांतले दिवे मिणमिणते असल्यामुळे मुली व्हरांड्यात बसून वाचतात, हे दिसलं. त्यांनी उपदेश केला नाही. रेक्टरबाईंना घेऊन कार्यालयात खेटे घातले. दिवे बदलून मिळाले. पाण्याचं मात्र आजही तसंच आहे, खोटं कशाला सांगू!

आणि एक दिवस सर आलेच नाहीत. घसा बसलाय, असा निरोप आला. मुलं उठायला लागली. मिरची टेबलावर हात आपटून म्हणाली, “कुणी हलायचं नाही. शिडी, तू शिकव.”

“वेड लागलंय का तुला?”

“खोलीत मला शिकवतेस तेव्हा बरं तोंड चालतं! गाणी बंद करून ऐकते मी, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे.”

शिडी उठली. मला वाटतं, न उठण्यापेक्षा उठणं सोपं होतं, कारण मिरची तिच्या कुबड्या पुढे करूनच उभी होती. ती माझ्यापाशी आली. एक हात कुबडीवर, दुसऱ्यात खडू. तिने पहिल्यांदाच पाठ सरळ केली आणि माझ्या अगदी वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात केली. तिथवर सरांचाही हात कधी पोचला नव्हता. ती जागा सुतारकाकांनी घासली होती तशीच कोरी होती.

अर्ध्यावर ती चुकली. एक चिन्ह उलटं पडलं आणि पुढचं सगळं कोसळलं. तिचा चेहरा लालबुंद झाला. खडू हातात थांबला. मेसमध्ये इतकी शांतता झाली, की मावशींच्या कढईचा आवाज येऊ लागला. मग कुणीतरी हळू म्हटलं, “चला...” आणि सगळी मेस एका सुरात ओरडली, “पुन्हा!”

ती खळखळून हसली. तिचं हसणं इतकं मोठं असेल, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिने फडका ओला केला, मला पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी ती अर्धी वर्गाकडे वळली होती. तिच्या ओळी तिरक्या चढत गेल्या.

दारात गळ्याभोवती मफलर गुंडाळून पुन्हासर उभे होते. किती वेळ, मला ठाऊक नाही. घरी करमलं नसेल. ते गुपचूप मागच्या टेबलाशी बसले आणि त्यांनी हात वर केला. बसलेल्या आवाजात म्हणाले, “बाई, ही तिसरी ओळ पुन्हा सांगाल का? मागे दिसली नाही.”

तिने सांगितली. न चाचरता, न खांदे पाडता. सरांनी मान डोलावली आणि त्यांच्याजवळच्या मुलाकडून पेन मागून ती ओळ लिहून घेतली.

ती परीक्षेला बसली, पास झाली, पुढची सगळी वर्षंही राहिली. मिरचीने खोली बदलून घेतली नाही. खिडकीवरून त्या शेवटपर्यंत भांडल्या. पुढच्या वर्षापासून पहिल्या वर्षाचे तास तळमजल्यावर आले. मला मात्र परत वर न्यायचं नाव कुणी काढलं नाही. तो जिना आठवला, की सगळ्यांचे खांदे दुखायचे.

मग मी मेसचाच झालो. काही वर्षं मुली माझ्यावर एकमेकींना शिकवत राहिल्या. नंतर विभागात पांढरे फळे आले, मग पडदे आले, आणि माझं कौतुक ओसरलं. कुणी माझ्यावर सूचना चिकटवल्या, कुणी ओले टॉवेल वाळत टाकले. पुन्हासर निवृत्त झाले. जायच्या दिवशी मेसमध्ये येऊन गेले, माझ्यावरची एक फाटकी जाहिरात त्यांनी सोलून काढली आणि तिचा डिंक नखाने खरवडला. आता माझा रंग उडालाय, दांडा करकरतो, गिरकी घेताना मला धरावं लागतं.

मित्रांनो, माझ्यासाठी फार काही मागत नाही. टॉवेल दोरीवर वाळत घाला आणि मला ओल्या फडक्याने पुसा, एवढंच. मोठी विनंती दुसरीच आहे. शिकायला घरापासून लांब आलेलं माणूस कुठल्याही क्षणी बॅग भरायच्या बेतात असतं, आणि ते तसं बोलून दाखवत नाही. पुन्हासर थोर होते, पण त्यांना कळलं ते मिरचीने उभं राहून सांगितलं म्हणून. तुमच्या वर्गातला एखादा बाक सलग दोन दिवस रिकामा दिसला, तर हजेरीच्या वेळी ‘गैरहजर’ म्हणून मोकळे होऊ नका. जा, आणि तिच्या खोलीचं दार वाजवा.